गोदामातली कादंबरी

बँकेत असताना एका प्रकाशकाच्या गोदामाची तपासणी माझ्याकडे होती. कॅश क्रेडिटला पुस्तकांचा साठा तारण. पाककृती, गाइडे, कादंबऱ्या, सगळ्या गठ्ठ्यांना एकच प्रश्न : नग किती, किंमत काय? त्यात माझीही एक कादंबरी होती. (हे साहेबांना सांगितले नव्हते!) ती माल होती, यात वाद नाही. पण नुसता मालच?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली सिनेमाला असेच मोजले. तो निव्वळ धंदा. त्याला भाषणस्वातंत्र्य कसले? ती चूक दुरुस्त व्हायला १९५२ साल उजाडले.

पुढे पाळी आली व्हिडिओ गेमची. हिंसक गेम अठरा वर्षांखालील मुलांना विकल्यास हजार डॉलरपर्यंत दंड, असा कायदा कॅलिफोर्नियाने २००५ साली केला. २०११ साली तो ७ विरुद्ध २ मतांनी घटनाबाह्य ठरला. निकाल लिहिला न्या. स्कालिया यांनी, आणि हे गृहस्थ परंपरावादी! ग्रिमच्या परीकथांत तरी रक्त कमी आहे का, असे त्यांनी दाखवून दिले. डान्टे वाचणे ‘मॉर्टल कॉम्बॅट’ खेळण्यापेक्षा सुसंस्कृतपणाचे खरे, पण राज्यघटना तो फरक मोजत नाही. खेळामुळे मुले हिंसक होतात, हेही सरकारला सिद्ध करता आले नाही.

मला हे पटते. ते खेळ मला आवडत नाहीत, पण घटनेचे संरक्षण म्हणजे काही वाङ्मयीन पुरस्कार नव्हे.

वाचक खून वाचतो, खेळणारा तो ‘करतो’, ही न्या. अलिटो यांची शंका मात्र कादंबरीकाराला सहज झटकता येत नाही. तरी पाहणारा उद्या करून बसेल, ही भीती आपल्या ओळखीची आहे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त पात्रे महाभारतातली, पण सरकारला कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली बंदी आली.

मी अडतो तो न्या. ब्रेयर यांच्या विरोधी मतापाशी. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र विकता येत नाही. मग त्याच स्त्रीला बांधून, छळून मारण्याचा खेळ खुशाल विकावा? याला माझ्याकडे उत्तर नाही.

माझा नातू तेरा वर्षांचाच आहे. गेल्या वाढदिवसाला त्याने असाच एक गेम मागितला. मी नको म्हटले. का, असे त्याने विचारले. तासभर आम्ही भांडत होतो.