धंद्याचा नंबर घेताय? आधी विचारा, तो कुणाचा राहणार!



समजा, जिंतूरला तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रब्बीचं पाणी सुरू झालं की सकाळपासून शेतकऱ्यांचे फोन. नंबर मात्र एकच. तोच घरचा, तोच यूपीआयचा, तोच पाहुण्यारावळ्यांचा. तुम्ही कुणाच्या तरी विहिरीवर मोटार काढताय आणि इकडे फोन वाजून वाजून बंद. ज्याचं पाणी थांबलंय तो तुमची वाट बघत बसत नाही. तो दुसऱ्या मिस्त्रीला फोन लावतो. गिऱ्हाईक गेलं!

म्हणून बरेच जण विचारतात, "सर, इंटरनेटवाला नंबर घेऊ का?" घ्या की. पण आधी एक प्रश्न: उद्या तुम्ही पैसे भरायचे थांबलात किंवा कंपनी बदलली, तर तो नंबर कुणाकडे राहील? कारण नंबर पाटीवर रंगवलेला असतो, बिलबुकावर छापलेला असतो, शंभर शेतकऱ्यांच्या मोबाईलमध्ये "मोटारवाले" म्हणून सेव्ह असतो. तो गेला तर पाटी पुन्हा रंगवता येईल, पण त्या शंभर मोबाईलमधलं नाव कसं बदलणार?

आता पर्याय बघू.

१. वाय-फाय कॉलिंग: नवा नंबर लागतच नाही

दुकानात रेंज नाही, एवढीच अडचण असेल तर नवीन काही घेऊ नका. फोनच्या सेटिंगमध्ये "वाय-फाय कॉलिंग" चालू करा. तुमचा आहे तोच नंबर, पण कॉल वाय-फायवरून जातो. एअरटेलनं ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओनं जानेवारी २०२० मध्ये. फोन मात्र ही सोय असलेला हवा.

२. फायबरसोबतची लँडलाइन

फायबर इंटरनेट घेतलं की बहुतेक कंपन्या लँडलाइन नंबरही देतात. हाही इंटरनेट फोनच. परभणीत दुकान असेल तर ०२४५२ ने सुरू होणारा नंबर पाटीवर दिसतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस इथलाच आहे, दुकान पक्कं आहे. बाहेर असाल तेव्हा कॉल मोबाईलवर फॉरवर्ड करता येतो. ते कसं करायचं हे कनेक्शन घेतानाच विचारून घ्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजमधून वीज यायची, लाइट गेली तरी तो चालायचा. फायबरचा फोन लाइट गेली की बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्याच. दुसरं म्हणजे, मोबाईल नंबर पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत नेता येतो, लँडलाइन नंबर नेता येत नाही. दुकान सेलूहून परभणीला हलवलं तर एसटीडी कोडसुद्धा बदलतो.

३. क्लाउड कंपनीचा व्हर्च्युअल नंबर

एक्झोटेल, नॉलॅरिटी, मायऑपरेटर अशा कंपन्या हे नंबर देतात. गिऱ्हाईक साधा फोन लावतं, त्याला इंटरनेट लागत नाही. कंपनीचा सर्व्हर कॉल उचलतो, "रिपेअरिंगसाठी एक दाबा" असं ऐकवतो आणि कॉल तुमच्या मोबाईलवर पाठवतो. तुम्ही उचलला नाही तरी कोणाचा कॉल आला होता, याची नोंद राहते. आपल्या मोटारवाल्या मिस्त्रीला नेमकं हेच हवंय!

पण हा नंबर भाड्याचा असतो. भाडं थांबलं की नंबर गेला. शिवाय धंद्याची कागदपत्रं मागतात. उद्यम नोंदणी करून ठेवा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. माझं मत विचाराल तर दिवसाला दहा-पंधरा कॉल असतील तर हा खर्च करू नका. माणूस ठेवायची वेळ आली की मग बघा.

४. दुसरं सिम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

एकट्याच्या धंद्याला सुरुवातीला हेच पुरतं. सिम तुमच्या आधारवर, नंबर तुमच्या नावावर, कंपनी बदलली तरी नंबर तोच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात "सध्या कामावर आहे, गाव आणि मोटारीचा एचपी लिहून पाठवा" असा आपोआप जाणारा मेसेज लावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच टाका. आणि सिमला रिचार्ज चालू ठेवा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढं तो दुसऱ्याला मिळू शकतो.

काही जण लँडलाइन नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू करतात. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं असे अ‍ॅप चालू सिमशी जोडलेले ठेवायचा आदेश काढला. म्हणून सिमचाच नंबर वापरा.

यांच्यापासून लांब राहा

"स्वस्तात परदेशी नंबर, केवायसी नाही" अशी जाहिरात दिसली की पुढं चला. आपल्याकडं इंटरनेटवरून मोबाईल-लँडलाइनला फोन जोडायची सेवा परवानाधारक कंपनीच देऊ शकते. २०१८ मध्ये सरकारनं त्याचे नियम स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी बीएसएनएलनं "विंग्ज" आणलं. मोठ्या नावावरही डोळे झाकून विसंबू नका. स्काइपनं भारतातल्या भारतात फोन लावायची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद केली आणि ५ मे २०२५ ला स्काइपच बंद झालं.

आणि नवा नंबर मिळाला म्हणून त्यावरून गावभर जाहिरातीचे कॉल करत सुटू नका. तक्रारी झाल्या तर नंबरच तोडला जातो.

आज एवढंच करा

आठ दिवस एक वही ठेवा. किती कॉल आले, किती सुटले, कधी सुटले, लिहा. मग संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. त्यानंतर पर्याय निवडा. आणि नंबर किमान महिनाभर नीट चालवून बघितल्याशिवाय पेंटरला बोलावू नका. पाटी एकदाच रंगवायची आहे!

चला, लागा कामाला.