उजव्या टोकापर्यंतचा उजेड

आमच्या घरी वडिलांच्या मॅट्रिकच्या वर्गाचा ग्रुप फोटो आहे. शाळेच्या हॉलमध्ये काढलेला, तीन रांगांचा. डाव्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या गुरुजींच्या धोतराची चुणीन् चुणी मोजता येते. तिथून उजेड उतरत जातो आणि उजव्या टोकाला, मागच्या रांगेत, जिथे वडील उभे होते तिथे नुसता करडा डाग उरतो. आई त्यावर बोट ठेवायची, "हे बघ, हे." तिने दाखवलं म्हणून आम्हाला ते सापडायचे. पुढे मी फोटोच्याच धंद्यात पडलो, लग्नं-मुंजी केल्या. पण हॉलमध्ये लाइट लावताना नजर अजून आधी उजव्या टोकाकडे जाते.

त्या फोटोत काय बिघडलं, ते आज आकड्यांत सांगता येतं. दहा माणसांची रांग साधारण ५ मीटर लांब होते. लाइट एका टोकासमोर २ मीटरवर ठेवला, तर रांगेतला पहिला माणूस त्याच्यापासून २ मीटरवर आणि शेवटचा जवळपास साडेपाच मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. या हिशेबाने पहिल्याला शेवटच्याच्या सातपटीहून जास्त उजेड मिळतो. आता तोच लाइट मागे, ६ मीटरवर न्या. पहिला ६ मीटरवर, शेवटचा ८ च्या आसपास. फरक पावणेदोनपट, म्हणजे एका स्टॉपच्या (दुपटीच्या) आत. नवीन पोरं नेमकं उलटं करतात. कोपऱ्यातले चेहरे काळे दिसले की लाइट पुढे ओढतात, आणि कोपरा आणखी बुडतो.

मागे जाण्याची किंमत मात्र मोजावी लागते. ३ मीटरवरून ६ वर गेलं की फ्लॅशला चौपट जोर लावावा लागतो. शिवाय लांब गेलेला उघडा फ्लॅश चेहऱ्याच्या दृष्टीने टाचणीच्या टोकाएवढा होतो. मग नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते, घामाचा थेंबन् थेंब चमकतो. इथे कामाला येते ती छत्री.

फोटोची छत्री दिसायला आपल्या पावसाळी छत्रीसारखीच. तशाच काड्या, तसाच दांडा, फक्त दांड्याला मूठ नाही. स्टँडवरच्या पकडीत तो दांडा खुपसायचा आणि फ्लॅशचं तोंड छत्रीच्या पोटाकडे करायचं. पांढऱ्या पातळ कापडाची छत्री असेल तर उजेड आरपार जातो. काळ्या पाठीची, आतून पांढरी असेल तर तो परत फिरून माणसांवर येतो. ग्रुपसाठी मी दुसरी वापरतो, कारण तिचा उजेड छताला आणि मागच्या भिंतीला जाऊन वाया जात नाही. मंगल कार्यालयाचं छत गुलाबी किंवा पिवळं असलं तर तोच रंग सगळ्यांच्या गालांवर उतरतो, तेही टळतं. सॉफ्टबॉक्स महाग आणि नीटस, पण त्याचा उजेड आखडता. छत्री उजेड ऐसपैस पसरते, आणि वीस माणसांना तेच हवं असतं. ३३ इंची छत्री एकट्या माणसाला पुरते. ग्रुपला ६० इंची घ्यावी, म्हणजे ६ मीटरवरूनही ती पुरेशी मोठी राहते.

या सोयीपर्यंत यायला फोटोग्राफीला वेळ लागला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. तेव्हा फोटोचा सगळा आधार दिवसाच्या उजेडावर होता. १८८७ मध्ये जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून झगझगीत पूड बनवली. खोलीत उजेड आला, त्याच्याबरोबर धूर आला आणि मिटलेले डोळेही. आजचा खिशात मावणारा फ्लॅश पाहिला की मला त्या धुरात उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण होते.

दोनच लाइट असतील तर ते कुठे लावायचे? दोन्ही टोकांना लांब लावले की प्रत्येकाची सावली शेजाऱ्याच्या गालावर पडते. काकूंच्या अंबाड्याची सावली काकांच्या कानावर, असला प्रकार. म्हणून दोन्ही छत्र्या कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना, थोड्या मागे आणि ८-९ फुटांवर चढवलेल्या. डावी छत्री किंचित वळवून उजव्या टोकाच्या माणसावर रोखायची आणि उजवी डाव्या टोकावर. छत्रीचा भर मध्यभागी, कडांना उजेड पातळ. तो भर लांबच्या माणसाकडे वळवला की जवळच्याला आपोआप कडेचा पातळ उजेड मिळतो आणि रांग सारखी होते. माझ्या मते ग्रुपच्या लायटिंगमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हे वळवणंच आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. लाइट एकच असेल तर तो कॅमेऱ्याच्या बरोबर मागे, जमेल तेवढा उंच. माणसं भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे घ्यायची, म्हणजे सावल्या खाली जमिनीवर पडून जातात. कॅमेऱ्यावर शटर १/१२५, छिद्र एफ ८, म्हणजे तिन्ही रांगा रेखीव येतात. आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, लग्नात पोरं पळत असतात.

खरा पेच चष्मा आणि फेट्याचा. चष्म्याच्या काचेत छत्रीचा पांढरा गोळा दिसू नये म्हणून लाइट वर चढवावा, तर फेट्याची सावली भुवयांवरून डोळ्यांत उतरते. फेट्यासाठी खाली आणावा, तर आजोबांच्या चष्म्यात छत्री उगवते. मी लाइट फेट्याच्या सोयीने ठेवतो आणि चष्मेवाल्यांजवळ जातो. "आजोबा, चष्म्याची काडी कानावर जरा वर घ्या." काच बोटभर खाली झुकते आणि गोळा नाहीसा होतो. हे लांबून ओरडून जमत नाही, जवळ जाऊनच सांगावं लागतं.

उरतात मिटलेले डोळे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पीअर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं आणि त्यांना २००६ चा इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. ग्रुप विसाच्या आत आणि उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढा. उजेड कमी असेल तर दोनने. अठरा माणसांना सहा. "झालं का हो?" असं कुणीतरी तिसऱ्यालाच विचारतं. "अजून तीन," मी सांगतो.

सहावा झाला की माणसांना जागेवरच थांबवतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करतो, सरकवत सरकवत उजव्या टोकाला नेतो, मागच्या रांगेत. तिथला चेहरा दिसला, डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला, की मग म्हणतो, "चला, जेवायला."