परीक्षेच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

मे महिना लागला की गडचिरोलीच्या बसस्थानकावर पहाटेच्या नागपूर गाडीला एक वेगळीच गर्दी दिसते. बापाच्या हातात पिशवी, मुलाच्या हातात पारदर्शक फाइल आणि फाइलमध्ये हॉल तिकीट. पोरं गप्प असतात. बाप मात्र एकमेकांना हमखास एक प्रश्न विचारतात, "उतरणार कुठं?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूर गाठायला एसटीला चार-पाच तास लागतात. सिरोंच्याच्या माणसाला तर गडचिरोलीपर्यंत यायलाच दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता तुडवावा लागतो. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी रेल्वेलाइन रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हापासून त्या बाजूची मंडळीही रस्त्यावरच आली. सकाळी निघून दुपारचा पेपर गाठू, असं म्हणणं म्हणजे जुगार. वाटेत गाडी पंक्चर झाली तर मुलाचं वर्ष गेलं. तेव्हा आदल्या दिवशी जायचं आणि रात्री राहायचं, हे ठरलेलंच.

आता राहायचं कुठं आणि खायचं काय, याविषयी मी चार गोष्टी सांगणार आहे. त्या शहाणपणाने कमावलेल्या नाहीत. आधी माझी चूक सांगतो.

२०१४ साली माझ्या मोठ्या मुलाला अशाच एका प्रवेश परीक्षेसाठी नागपूरला घेऊन गेलो. मी स्वतः नागपुरात बी.ए. केलेलं. शहर आपल्या खिशात आहे, असा माझा समज. कविसंमेलनांना गेलो की गणेशपेठेच्या आसपास कुठल्याही लॉजवर पाठ टेकायची, रात्री रस्सा ओरपायचा, सकाळी परत. त्याच हिशेबाने मुलालाही नेलं. फोनवर एका लॉजवाल्यानं "खोली आहे, या" म्हटलं होतं. काउंटरवर आधार कार्ड पाहिलं आणि तोच माणूस म्हणाला, "सॉरी चाचा, फुल्ल आहे." मुलगा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

दुसरीकडे खोली मिळाली. तिच्या खाली मंगल कार्यालय होतं आणि महिना लगीनसराईचा, हे रात्री नऊला कळलं. डीजे थांबला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्याआधी मी पोराला नागपूरची खासियत म्हणून सावजीचा पाटोडी रस्सा खाऊ घातला होता. सावजी ही कोष्टी विणकरांच्या घरातून बाहेर पडलेली चव. जवसाचं तेल, काळपट मसाला, आणि तिखट असं की पहिल्या घासाला डोळे आणि दुसऱ्याला कान तापतात. मटणाचं हलाल-बिलाल विचारायला नको म्हणून मी पाटोडी मागवली. बेसनाची वडी, तिनं काय होणार? रात्रभर पोरगा उठत राहिला. सकाळी पेपरला गेला तेव्हा त्याचा चेहरा सोललेल्या केळासारखा पांढरा पडला होता.

तो आज गावात कापडाचं दुकान सांभाळतो, चांगलं चाललंय. त्या रात्रीबद्दल त्यानं मला कधी बोल लावला नाही. त्यामुळेच ती रात्र मला जास्त आठवते.

गेल्या मे महिन्यात धाकट्या मुलीला घेऊन जायची वेळ आली. बसस्थानकाच्या चौकशीसमोरच तिनं सांगून टाकलं, "अब्बा, यावेळी खोली मी पाहीन." आणि खरं सांगतो, तिथूनच सगळं नीट झालं.

तिनं सर्वांत आधी परीक्षा केंद्राचा पत्ता काढला. वर्धा रोडवर, विमानतळाच्या पुढे. मी म्हणालो, बसस्थानकाजवळ राहू, उतरलो की खोली. ती म्हणाली, "आपल्याला उतरल्यावर कुठं जायचंय ते बघा ना." किती साधी गोष्ट! आपण बाहेरगावची माणसं नेहमी जिथं उतरतो तिथं राहतो, जिथं काम आहे तिथं राहत नाही. २०१९ पासून नागपुरात मेट्रो आहे. तिची एक लाइन सीताबर्डीवरून काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक करत सरळ वर्धा रोडने विमानतळाकडे आणि खापरीपर्यंत जाते. त्या लाइनच्या पायी पल्ल्यात खोली घेतली की ऊन, ऑटोवाला आणि चौकातली कोंडी, तिघांपासूनही सुटका.

आम्ही धंतोलीत खोली पाहिली. धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. लोक म्हणतील, परीक्षेला जाताना दवाखान्यांत कशाला राहायचं? पण त्याचे फायदे मला तिथं राहिल्यावर कळले. दवाखान्यांच्या आजूबाजूला रात्री गोंगाट कमी. लॉजवर उतरलेले बहुतेक रोग्यांचे नातेवाईक, ते दारू पिऊन जिन्यात गाणी म्हणत नाहीत. आणि खानावळींना पथ्याचं जेवण करायची सवय असते. "बिनतिखट वरण द्या, तेल कमी घाला" म्हटलं तर तिथला माणूस वेड्यासारखा पाहत नाही. रोज पन्नास लोक तेच मागतात. सकाळी सहाला चहा आणि गरम दूधही मिळतं.

फोन करताना मी आता सुरुवातीलाच माझं पूर्ण नाव सांगतो, आधार कार्डावर आहे तसं. टोपणनाव नाही. कवीचं टोपणनाव रेडिओवर चालतं, लॉजच्या रजिस्टरात त्यानं नुसता घोटाळा होतो. आणि नकार यायचाच असेल तर तो घरी बसून फोनवर यावा, पोरांच्या समोर काउंटरवर नको. आमच्याकडच्या आदिवासी पालकांनाही अशा काउंटरवर डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं जातं. त्यांनीही फोनवर सगळं बोलून, थोडे पैसे आधी भरून, पावतीचा मेसेज मोबाइलवर घेऊनच निघावं. पैसे घेतलेल्या माणसाला "फुल्ल" म्हणणं जड जातं.

बाप आणि मोठी मुलगी असतील तर आणखी एक. नातं विचारलं जातं, विचारण्याचा सूर कधी बरा नसतो. रागावू नये. तिचं ओळखपत्र वेगळं ठेवावं, वडिलांचं नाव असलेलं. हॉल तिकीट तर असतंच. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून काढता येते, तीही ओळख म्हणून चालते. खोली मागताना "डबल रूम" म्हणू नका, "दोन वेगळ्या खाटांची खोली" म्हणा. डबल रूममध्ये बहुतेक वेळा एकच मोठा पलंग निघतो.

खोली पैसे भरण्याआधी मुलीनं स्वतः पाहिली. मी काउंटरवर थांबलो. ती वर जाऊन आली आणि म्हणाली, "दुसरी दाखवा." मॅनेजर म्हणाला, "काऊन ताई, एसी तर चालू आहे!" ती म्हणाली, "आतली कडी लागत नाही." मी असतो तर कडी पाहिलीच नसती. मी पंखा पाहिला असता.

दुसऱ्या खोलीत एसी नव्हता, कूलर होता. कूलरला नाकं मुरडू नका. विदर्भातल्या कोरड्या उन्हात, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस असताना, वाळ्याच्या ताट्या भिजलेला कूलर चांगला गारवा देतो. फक्त तो खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवलेला हवा आणि त्यात पाणी कोण भरणार हे संध्याकाळीच ठरलेलं हवं. नाहीतर पहाटे तीनला तो नुसती गरम हवा फेकतो. शिवाय तो एकदा चालू करून त्याची घरघर ऐकावी. माझ्या झोपेला ती अंगाईसारखी, काहींना मात्र डोळा लागत नाही. आणि खिडकी उघडून खाली पाहावं. लॉन, मंगल कार्यालय, बार, बसचा थांबा, यांपैकी काही दिसलं तर खोली बदलावी.

आता पैशांचा हिशेब. यात आपली माणसं फार फसतात. काही लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असतो: आज दुपारी बाराला आलात तर उद्या दुपारी बारापर्यंत. काही हॉटेलांत कधीही या, दुपारी बाराला किंवा त्याआधी खोली सोडायची. पहाटेच्या गाडीने सकाळी दहाला पोहोचणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीत दोन तासांसाठी एक दिवसाचं भाडं पडू शकतं. आमचा पेपर दुपारी दोनचा, दीडला फाटक बंद. म्हणजे खोली तर सकाळीच सोडायची. मग पिशव्या कुठं ठेवायच्या? "सामान संध्याकाळपर्यंत ठेवता येईल का" हे आधी विचारा. बहुतेक जण ठेवू देतात. भाडं विचारताना कर धरून विचारा. चंद्रपूर-बल्लारपूरहून रेल्वेने येणाऱ्यांनी नागपूर स्टेशनातल्या विश्रामकक्षाचीही चौकशी करावी. तिकिटाच्या नंबरावर तो मिळतो, तासांच्या हिशेबानेही मिळतो. फक्त आधी आरक्षित करावा लागतो.

आणि तारखा पाहा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की आमदारांच्या मागे येणाऱ्या मंडळींनी शहरातल्या खोल्या भरलेल्या असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी लोटते. त्या दिवसांत जायचंच असेल तर नातेवाइकाचं घर बरं.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण जेवण हा बापाच्या हौसेचा विषय असतो. आपल्याकडे 'हॉटेल' या शब्दाचा खरा अर्थ चहा-भज्यांचं दुकान, झोपायला लागतं ते लॉज. म्हणून हॉटेल म्हटलं की आपल्याला आधी भूक लागते. शहरात आलोय तर पोराला काहीतरी वेगळं खाऊ घालू, असं वाटतं. पण आमची पोरं धानाच्या मुलखातली. दोन्ही वेळचा भात हे त्यांचं जेवण. नागपूरच्या थाळीत तीन-चार पोळ्या आणि वाटीभर भात येतो. पोळीची सवय नसलेलं पोरगं अर्धपोटी उठतं आणि लाजेनं बोलत नाही. तेव्हा आधीच सांगावं, पोळ्या कमी, भात जास्त. काही ठिकाणी भाताचे वेगळे पैसे पडतात. पडू द्यावेत.

हलाल हवं असणाऱ्यांना मोमिनपुऱ्यात बिर्याणीपासून खिचड्यापर्यंत सगळं मिळतं आणि रात्री उशिरापर्यंत मिळतं. मला तो भाग फार आवडतो. पण परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही तिकडे गेलो नाही. वरण-भात, दही, भेंडीची भाजी. मुलीनं मेनूकार्ड उघडलंच नाही; शेजारच्या टेबलावर काय गरम येतंय ते पाहिलं आणि तेच सांगितलं. ही तिची पद्धत मी आता स्वतःही वापरतो. जिथं गर्दी आहे आणि ताटं भराभर उठतायत, तिथलं अन्न ताजं असतं. उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं कलिंगड, हे सगळं पेपर झाल्यावर. मे महिन्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे गोळेवाल्यालाही ठाऊक नसतं. सकाळी पोहे खाल्ले, तर्री बाजूला ठेवायला सांगून. पोहेवाल्याला ते अजिबात आवडलं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मेट्रोने केंद्र पाहून आलो. सरकत्या जिन्यापाशी ती क्षणभर थबकली, मग माझा हात धरून चढली. परत येताना सीताबर्डीचा किल्ला दिसला तेव्हा मी तिला सांगितलं, हे शहर देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजानं १७०२ मध्ये वसवलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या जंगलाकडच्याच माणसानं." देवगड आणि आपला चांदा ही गोंडांची वेगवेगळी राज्यं, पण मी तिला दुरुस्त केलं नाही. रात्री ती साडेनऊला झोपली. मी दोनदा उठून कूलरमधलं पाणी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाचनंतर फाटकातून मुलं बाहेर पडली. कुणी हसत, कुणी रडत. आमची शांतपणे आली. पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही, एवढं मी २०१४ मध्ये शिकलो होतो. लॉजवरून पिशव्या घेतल्या. शेवटच्या गाडीला वेळ होता. म्हटलं, काय खायचं? कॉफी हाउसात जाऊ का?

"सावजी," ती म्हणाली. "पाटोडी रस्सा. भाईजाननं सांगितलंय, खाऊन ये म्हणून."

मी दुकानात त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अब्बा, तिला खाऊ द्या. तुम्ही नका खाऊ, तुम्हाला बसमध्ये त्रास होईल."

तिनं रस्सा खाल्ला. नाक पुसत, डोळे पुसत, दोनदा भात मागून घेत. मी दहीभात खाल्ला.