काचेवरचा जांभळा थर

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडापाशी ही गंगा दक्षिणेकडे वळते, त्यामुळे सकाळी गावाच्या काठावरून फोटो काढायला जावं तर पंचवटीमागून वर आलेला सूर्य थेट लेन्समध्ये शिरतो. लेन्स जुनी, थर न दिलेली असेल तर चित्रावर ताक ओतल्यासारखं दिसतं. काळा दगड राखाडी होतो आणि लाल लुगडं गुलाबी.

काचेचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. तीन सुट्या भिंगांच्या लेन्सला असे सहा पृष्ठभाग असतात, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त उजेड वाटेतच गळतो. त्याचं एवढं दुःख नाही. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की भागतं. खरा त्रास भिंगाभिंगांत आपटून पुन्हा फिल्मवर येणाऱ्या उजेडाचा. तो सावल्यांत पसरतो आणि रंगांत पांढरं कालवतो. म्हणून माझ्या मते थराचं पहिलं देणं कॉन्ट्रास्ट. रंग त्याच्या मागून येतात.

हा थर बहुधा मॅग्नेशियम फ्लोराइडचा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि ४ टक्क्यांचे साधारण दीड टक्का उरतात. जाडी हिरव्या प्रकाशाला बेतलेली, म्हणून थोडा तांबडा-निळा परततो आणि लेन्स जांभळी दिसते. फोटो मात्र जांभळा येत नाही! १९७०च्या दशकात अनेक थरांच्या लेन्स रूढ झाल्या, तेव्हा परतणारा प्रकाश अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला.

दादासाहेब फाळक्यांच्या हाती यातलं काहीच नव्हतं. १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा आणि चित्रण उन्हाच्या भरवशावर. १९१३मध्ये ते नाशिकला आले, १९१७मध्ये ‘लंका दहन’ आला. झाइसच्या अलेक्झांडर स्मकुलाने थराचं पेटंट घेतलं १९३५मध्ये. तोवर छायाचित्रकाराचे उपाय दोनच होते : सूर्याकडे पाठ करणं, नाहीतर लेन्सवर सावली धरणं. सावलीचा उपाय आजही उत्तम. हूड स्वस्त असतं.

गंमत म्हणजे या शोधाचं मूळ एका डागात आहे. १८९०च्या दशकात इंग्लंडमधल्या डेनिस टेलरला दिसलं, की हवेने डागाळलेलं जुनं भिंग नव्यापेक्षा जास्त उजेड आत सोडतं. तेव्हा आजोबांच्या कपाटात एखादी लेन्स सापडली आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी, दुरुस्तीला द्या. पण काचेवर नुसती निळसर झाक असेल, तर कृपा करून सदऱ्याच्या टोकाने घासू नका.