चाकणला नोकरी, मग राहायचं कुठे? 'निवड' मोजण्याआधी काय तपासायचं

चाकण एमआयडीसीत नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गाव कुठलं? आणि राहायला कुठे? दुसऱ्याचं उत्तर दिलं की सल्ला तयारच असतो. चाकणलाच खोली घेतली असेल तर, "अरे, संध्याकाळी तिथे करणार काय?" आणि कोथरूडहून येत असाल तर, "रोज एवढा प्रवास कशाला?"

माझ्या पीएच.डी.चा विषय या दोन वाक्यांच्या मधला आहे. काम एकीकडे आणि शहर दुसरीकडे असेल तर लोक घर कुठे करतात? विषय ऐकायला सोपा वाटतो. मलाही वाटला होता. म्हणूनच प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात मी एक मोठी चूक केली. तुमच्यापैकी जे आता संशोधन आराखडा लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी ती चूक नीट उलगडून सांगतो.

आधी हिशोब

समजा, शहरात राहिल्यामुळे जाताना एक तास आणि येताना एक तास जास्त जातो. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर ५० तास झाले. वर्षाला ६०० तास, म्हणजे २५ पूर्ण दिवस-रात्री. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत ज्यांनी सकाळी गाडी रेटली आहे, त्यांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही.

मग प्रश्न पडतो, की एवढी किंमत माणूस कशासाठी मोजतो?

पुस्तकातलं उत्तर

शहरी अर्थशास्त्रातलं पहिलं उत्तर विल्यम अलोन्सोच्या १९६४ सालच्या पुस्तकात सापडतं. त्याची मांडणी थोडक्यात अशी: नोकऱ्या शहराच्या मध्यभागी आहेत. मध्यापासून लांब गेलं की भाडं कमी होतं आणि प्रवास वाढतो. प्रत्येक कुटुंब या दोन्हींचा तोल साधून जागा ठरवतं.

आता ही मांडणी आपल्या पट्ट्यावर ठेवून बघा. इथे कारखाने मध्यभागी नाहीत, कडेला आहेत. कोथरूडहून चाकणला येणारा माणूस भाडंही जास्त भरतो आणि प्रवासही जास्त करतो. अलोन्सोच्या हिशोबात असा माणूस बसत नाही. मग तो लांब राहतो कशासाठी?

याचं एक उत्तर एडवर्ड ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं. शहर ही फक्त कमावण्याची जागा नाही, खर्चण्याची आणि जगण्याचीही आहे. नाटक, हॉटेलं, दुकानं, चांगल्या शाळा, मित्रमंडळी यांसाठी लोक जास्त भाडं भरायला तयार असतात. म्हणजे आपला कोथरूडकर शहराच्या गजबजाटाची किंमत मोजतो आहे.

उत्तर मिळाल्यासारखं वाटतं ना? मलाही वाटलं.

पण मग लोक खूश का नाहीत?

माणसाने जर सगळा विचार करून लांबचा प्रवास पत्करला असेल, तर त्याच्या बदल्यात काहीतरी तेवढंच मोलाचं त्याला मिळत असणार. मग लांबून येणारा आणि जवळ राहणारा, दोघांचं समाधान साधारण सारखं हवं. अलॉइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या, त्याच कुटुंबांना वर्षानुवर्षं भेटून जमवलेल्या माहितीवर हे तपासलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष उलटा होता. प्रवास जितका लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी.

त्याआधी २००४ मध्ये डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाची नोंद करायला सांगितली होती: कोणतं काम केलं आणि ते करताना कसं वाटत होतं. त्या यादीत कामावर जाण्याचा प्रवास तळाला होता.

मात्र यावरून 'जितकं जवळ तितकं चांगलं' असंही म्हणता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या नोकरदारांना 'तुमच्या मते आदर्श प्रवास किती?' असं विचारलं, तेव्हा सरासरी उत्तर साधारण १६ मिनिटं आलं. शून्य म्हणणारे फार थोडे होते. घर आणि काम यांच्यामध्ये थोडं अंतर माणसाला हवंच असतं.

म्हणजे लोक स्वतःहून असा प्रवास निवडतात आणि त्याच प्रवासाने त्रासतात. यावर एक स्पष्टीकरण असं दिलं जातं, की घर घेताना माणूस अंदाजात चुकतो. घराचा हॉल डोळ्यांना दिसतो, रोजचा ट्रॅफिक दिसत नाही. हे खरं असू शकेल. पण त्याआधी विचारायला हवा असा एक साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

माझी चूक

माझ्या मसुद्यात प्रश्न असा होता: 'तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं काय? (अ) शहरातलं जीवन (ब) कमी प्रवास.'

तो मसुदा मी सर्वात आधी घरीच वापरून बघितला. आमचं घर निगडी प्राधिकरणात. वडील चिंचवडच्या एका कंपनीत होते, सायकलने जायचे. आता त्याच घरातून भाऊ चाकणला जातो. मी त्याला प्रश्न वाचून दाखवला. तो म्हणाला, "यात माझं उत्तरच नाही. तुझ्या वहिनीची शाळा इथे, आईचा दवाखाना इथे, घर आपलं स्वतःचं. मी निवडलं कधी?"

हे ऐकल्यावर मी बाकीच्या माणसांचा विचार करू लागलो.

एक जोडपं घ्या. तो चाकणला, ती हिंजवडीत. ते रावेतला किंवा वाकडला राहतात. माझ्या तक्त्यात ते 'शहरी जीवन पसंत' या रकान्यात गेले असते. प्रत्यक्षात त्यांनी दोन नोकऱ्यांच्या मधली जागा शोधली.

मराठवाड्यातून आलेला एक कंत्राटी कामगार घ्या. तो खराबवाडीत चार जणांत मिळून एक खोली करून राहतो. माझ्या तक्त्यात तो 'कमी प्रवास पसंत'. पण पुण्यात राहायचं हा पर्याय त्याच्यासमोर कधी आलाच नाही. पगार, अनामत रक्कम, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट, यातच तो पर्याय संपला.

सेकंड शिफ्ट करणारी एक ट्रेनी मुलगी घ्या. सुटायला रात्रीचे अकरा वाजून जातात. कंपनीची बस जिथे दारापर्यंत सोडते, तिथेच ती कॉट बेसिसवर जागा बघते. तिचा पत्ता तिची आवड सांगत नाही, बसचा मार्ग सांगतो.

खानावळीत रोज बटाट्याचीच भाजी असेल आणि मुलगा रोज तीच खात असेल, तर 'याला बटाटा फार आवडतो' असं आपण लिहू का? मी नेमकं तेच लिहायला निघालो होतो.

पर्यायांचा संच

संशोधनात याला पर्यायांचा संच म्हणतात. माणसाने काय निवडलं, याचा अर्थ त्याच्यासमोर काय काय होतं हे कळल्याशिवाय लागत नाही. डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात यासाठी गणिती चौकट उभी केली आणि २००० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्को भागात बार्ट ही नवी रेल्वे येत होती. तिने किती जण प्रवास करतील याचा अधिकृत अंदाज १५ टक्के होता. मॅकफॅडन यांच्या पद्धतीने ६.३ टक्के आला. प्रत्यक्षात आकडा ६.२ टक्के निघाला. ही पद्धत प्रत्येक प्रवाशासमोरचे पर्याय आणि त्या प्रत्येक पर्यायाचा वेळ व खर्च मांडून सुरू होते. 'तुम्हाला रेल्वे आवडते का' या प्रश्नावर ती उभी नाही.

आणखी एक सापळा ध्यानात ठेवा. मी कंपनीच्या गेटवर सर्वेक्षण केलं, तर मला टिकलेलेच लोक भेटणार. रोजच्या प्रवासाला कंटाळून ज्यांनी नोकरी सोडली, ते गेटवर नसतात. मग निष्कर्ष निघेल की लांबचा प्रवास लोकांना चालतो.

घर जागेवर राहतं, काम सरकतं

आमच्या प्राधिकरणाचाच इतिहास बघा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरीत कारखाने वाढले. त्या कामगारांना कामाजवळ घरं मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. 'जवळ राहा' ही कल्पना इथे सरकारी योजना होती. वडिलांच्या सायकलमागे तीच योजना होती.

पण काम तिथेच थांबलं नाही. मर्सिडीज-बेंझ सुरुवातीला पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडत होती. २००९ मध्ये ती चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला सुरू झाला. २०२१ मध्ये प्राधिकरणही विसर्जित झालं. कामाजवळ म्हणून बांधलेल्या घरातून पुढची पिढी लांब जाऊ लागली. 'जवळचं घर' हा गुण घराचा नसतो. तो घर आणि नोकरी या जोडीचा असतो, आणि जोडी तुटू शकते. ज्याला नोकरी टिकेल याची खात्री नाही, त्याने चाकणला फ्लॅट न घेणं यात शहराची हौस शोधायची गरज नाही.

मग विचारायचं कसं?

नव्या मसुद्यात मी हे बदल केले.

१. आवड विचारण्याऐवजी शेवटचं घर बदलणं विचारलं. तेव्हा कोणकोणत्या जागा बघितल्या? कोणती का सोडली? निर्णयात आणखी कोण होतं?

२. अंतराऐवजी वेळ विचारला, तोही दारापासून दारापर्यंत. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं होतं, वेळ नाही. आपल्याकडे दहा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटंही असतात आणि सव्वा तासही. म्हणून चांगल्या दिवसाचा वेळ वेगळा आणि वाईट दिवसाचा वेगळा विचारला.

३. 'शहरी जीवन' हा शब्द काढून टाकला. त्याऐवजी विचारलं: गेल्या आठवड्यात कामानंतर किती संध्याकाळी बाहेर पडलात, कुठे, कोणाबरोबर? शहरात घर असून रोज रात्री नऊला पोहोचणारा माणूस शहर वापरतो तरी किती? उलट पिंपरीत राहणारा रविवारी मेट्रोने शिवाजीनगरला जाऊन येतो. २०२३ मध्ये मेट्रो तिथपर्यंत पोहोचली आणि पर्यायांचा संच बदलला. प्रवास रोजचा असतो, शहर आठवड्यातून एकदाही पुरू शकतं. हा तिसरा पर्याय माझ्या (अ)-(ब) मध्ये नव्हताच.

४. नोकरी सोडून गेलेल्यांनाही शोधायचं ठरवलं. हे अवघड आहे, वेळ खाणारं आहे, पण टाळता येत नाही.

एवढी खटपट कशासाठी, असं वाटेल. कारण निष्कर्षावरून पुढे खर्च होतात. 'लोकांना शहरच आवडतं' असं मी लिहिलं, तर कोणीतरी म्हणेल, मग रस्ता रुंद करा, बाकी काही करायला नको. 'लोकांना जवळ हवं' असं लिहिलं, तर कारखान्याशेजारी इमारती उभ्या राहतील आणि जोडीदाराची नोकरी व मुलांची शाळा लांब म्हणून रिकाम्या पडतील. आणि अडचण जर रात्री अकराच्या बसची असेल, तर एका बसने सुटणाऱ्या प्रश्नावर आपण भलतंच काही करून बसू. माझा भाऊ त्या ६०० तासांतले बरेचसे तास रस्त्यावर घालवतो. ते त्याने आवडीने घालवले असं माझ्या प्रबंधात छापून यावं, हे मला चालणार नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या आराखड्यात 'लोक अमुक पसंत करतात' किंवा 'विद्यार्थी तमुक निवडतात' असं वाक्य असेल, तर त्याखाली रेघ मारा. समोर एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या ओळखीच्या तीन खऱ्या माणसांसमोर त्या वेळी कोणते पर्याय होते, ते लिहून काढा. तिघांची यादी सारखी निघाली, तर वाक्य राहू द्या. नाही निघाली, तर प्रश्नावली छापायला देऊ नका.