पट्टी मेली की झोपली?

काही जुन्या मॅकबुक प्रोच्या कीबोर्डवर, आकड्यांच्या ओळीच्या वर, काचेची एक चिंचोळी पट्टी असते: टच बार. २०१६ मध्ये ती आली, तेव्हा एफ-१ ते एफ-१२ ही सगळी बटणं तिने गिळली. आणि मग एखाद्या सकाळी ती काळीठिक्कर पडते. बोट आपटा, काच पुसा, ढिम्म! एस्केपचं बटणही तिच्यावरच, म्हणजे तेही गेलं. आता अडकलेलं अ‍ॅप जबरदस्तीने बंद करायचा शॉर्टकट आठवा. कमांड, ऑप्शन आणि... एस्केप. आहे की नाही मजा? (२०१९ च्या १६ इंची मॉडेलवर एस्केप पुन्हा खरंखुरं बटण होऊन परतलं. ते व्हायलाच हवं होतं.)

घाबरण्याआधी कीबोर्डवरचं कुठलंही बटण दाबा. ही पट्टी ओलेड जातीची. तिच्या मागे दिवा नाही; २१७० ठिपके लांब आणि ६० ठिपके उंच अशा या पडद्यातला एकेक ठिपका स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो. मिनिटभर कुणी हात लावला नाही तर ती मंदावते आणि थोड्या वेळाने विझून जाते. काळी पट्टी कधीकधी नुसती झोपलेली असते.

दिसतं सगळं, पण पट्टी बोटाला दाद देत नाही? मग तिला बोट कळतं कसं, ते बघायला हवं. आपण दाबतो म्हणून नव्हे! काचेखाली विद्युतवाहक धाग्यांची जाळी असते आणि तिच्यावर किंचित विद्युतभार. आपलं शरीर म्हणजे खारं पाणी. बोट टेकलं की त्या भारात अगदी सूक्ष्म फरक पडतो आणि चिप नेमका तोच टिपते. पेन्सिलीची लाकडी बाजू टेकवून बघा, पट्टीला पत्ताच लागणार नाही. उलट घामाचा थेंब तिला बोटासारखा भासू शकतो. म्हणून आधी हात कोरडे, काच कोरडी. ब्रिटनमधल्या मॉल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी अशा स्पर्शपडद्याची कल्पना मांडली ती १९६५ मध्ये!

पण खरं नवल पुढेच आहे. इंटेल प्रोसेसरच्या या मॅकमध्ये एक पोटभाडेकरू राहतो: टी-१ नावाची चिप, २०१८ पासून टी-२. तिची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि ती निघाली आहे चक्क अ‍ॅपलच्या मनगटी घड्याळाच्या सिस्टिममधून. म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर! मॅक पट्टीचं चित्र रंगवतो आणि आतल्या आत यूएसबीवरून चिपकडे पाठवतो. चिप ते पट्टीवर दाखवते आणि बोटाची खबर उलट पोचवते. मॅक चित्र पाठवत नसेल, तर चिप स्वतःच्या हिमतीवर साध्या बटणांची रांग मांडते. त्याच मशीनवर विंडोज चालवलं की दिसते ती हीच.

(२०२० पासूनच्या एम-१ आणि एम-२ मॉडेलांत ही वेगळी चिप नाही. तिथे सगळा कारभार एकाच घरात.)

आता दुरुस्ती सोपी वाटेल. बऱ्याचदा पट्टी बिघडलेली नसतेच, चित्र रंगवणारा प्रोग्रॅम अडकलेला असतो. कमांड-स्पेस दाबून ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडा, ‘टचबारसर्व्हर’ शोधा आणि बिनधास्त बंद करा. घाबरू नका, सिस्टिम त्याला लगेच नव्याने उभा करते. पट्टी क्षणभर विझते आणि पुन्हा उजळते. फक्त उजव्या टोकाची आवाज-उजेडाची बटणं रुसली असतील, तर ‘कंट्रोल स्ट्रिप’ हा प्रोग्रॅम वेगळा आहे. तो बंद करा. एवढ्यानेही जमलं नाही तर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं.

तरीही काळोख? मग शिफ्ट-कमांड-६ दाबा. हा शॉर्टकट पट्टीचा फोटो काढतो, आणि मला तर हा सगळ्यात हुशार वैद्य वाटतो. कारण तो काचेकडे बघतच नाही, मॅकने रंगवलेलं चित्र उचलतो. पट्टी काळी, पण फोटोत बटणं ठणठणीत? म्हणजे मॅकने आपलं काम चोख केलंय. घोटाळा त्यापुढे, चिपमध्ये, जोडणीत नाहीतर खुद्द पट्टीत. मग प्रोग्रॅम बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही. तो फोटो घेऊन थेट दुरुस्तीवाल्याकडे जा, आणि तोवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅप्स लॉकला एस्केपचं काम द्या.