महागाई उतरली, मग किराण्याचे बिल का उतरले नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के नोंदला गेला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून तेव्हा मोजल्या जाणाऱ्या मालिकेतला तो सर्वांत कमी दर होता. खाद्यपदार्थांची महागाई तर उणे ५.०२ टक्के होती. ही बातमी वाचून सुपरमार्केटमध्ये महिन्याचा किराणा भरायला गेलेल्या माणसाला मात्र बिलात तसा काही फरक दिसला नाही. मग त्याच्यापुढे दोनच निष्कर्ष उरतात. एक तर सरकारचे आकडे खोटे आहेत, नाहीतर दुकानदार लुटतो आहे. हे दोन्ही निष्कर्ष घरोघरी ऐकू येतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पण ज्या चिडीतून ते निघतात ती चीड चुकीची नाही. बिल खरे आहे आणि टक्केवारीही खरी आहे. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढेच. हा फरक नीट कळला नाही तर ग्राहकाचा राग गल्ल्यावर बसलेल्या माणसावर निघतो, आणि ज्यांना प्रश्न विचारायला हवेत ते मोकळे राहतात.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘महागाई कमी झाली’ या शब्दांतच आहे. महागाईचा दर कमी होणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. घाट चढणाऱ्या गाडीचा वेग मंदावला, म्हणून ती पायथ्याशी परत येत नाही. शिवाय हा दर मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून काढलेला असतो, आणि तो मागचा महिना कसा होता हे बातमीत क्वचितच येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना येणारे सामान वर्षभराने जवळपास १११ रुपयांना झाले. त्यानंतरच्या वर्षात त्यातून पाच टक्के कमी झाले, तेव्हा ते १०५ रुपयांवर आले. बातमी म्हणते पाच टक्क्यांनी स्वस्त, ग्राहकाला जाणवते पाच रुपयांनी महाग, आणि दोघेही बरोबर असतात. भाजीपाल्याचा हिशोब आणखी बोलका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या २७ टक्क्यांहून अधिक उतरल्या. एवढी मोठी घसरण होऊनही भाज्या दोन वर्षांपूर्वीच्या पातळीच्या किंचित वरच राहिल्या. १४२ रुपयांतून सत्तावीस-अठ्ठावीस टक्के वजा केले की १०३ उरतात. ज्याला ‘विक्रमी घसरण’ म्हटले गेले, ती प्रत्यक्षात झालेली वाढ ओसरून जेमतेम जुन्या जागी येणे होते.

दुसरी गोष्ट सरासरीची. त्याच ऑक्टोबरमध्ये डाळी १६ टक्क्यांनी उतरल्या होत्या, पण तेल आणि स्निग्ध पदार्थ ११ टक्क्यांनी चढलेले होते. भाजी महागली तर गृहिणी कोबीऐवजी दुधी घेते, टोमॅटोऐवजी चिंच-कोकम वापरते. फोडणीच्या तेलाला असा पर्याय नाही. त्यामुळे ज्या वस्तूचा भाव टाळता येत नाही, तीच लक्षात राहते आणि तीच खुपते. कोणत्या घराला किती खुपते, हेही सारखे नसते. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा सरासरी सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात ४७ टक्के होता. जितके उत्पन्न कमी, तितका हा वाटा मोठा. मोबाइलचे दर स्थिर राहिले किंवा प्रवास थोडा स्वस्त झाला, तर देशाची सरासरी खाली येते. पण ज्याचा निम्मा पगार किराण्यात जातो त्याची स्वतःची महागाई त्या सरासरीहून वेगळीच असते. आकडा खोटा नाही, पण तो कोण्या एका घराचा नाही, हे सांगण्याची जबाबदारी आकडा जाहीर करणाऱ्यांनी घेतली पाहिजे.

आता दुकानदाराकडे वळू. ‘सुपरमार्केटवाले मनमानी नफा कमावतात’ हा समज इतका पक्का आहे की त्याचा पुरावा कुणी मागत नाही. डीमार्ट चालवणाऱ्या कंपनीचे २०२४-२५ चे आकडे सर्वांसमोर आहेत. सुमारे ५७,८०० कोटींच्या विक्रीवर सुमारे २,९०० कोटी निव्वळ नफा, म्हणजे १०० रुपयांच्या बिलामागे पाच रुपये. त्याच वर्षी हिंदुस्तान युनिलिव्हरने सुमारे ६०,७०० कोटींच्या उलाढालीवर १०,६०० कोटींच्या आसपास नफा मिळवला, म्हणजे १०० रुपयांमागे सतरा. साबण, चहा, सॉस यांचे ब्रँड उभे करायला जाहिरात, संशोधन, वितरण असा मोठा खर्च येतो आणि तो खर्च भागवल्यानंतरचा हा नफा आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या मालात नफा कुणाचा जास्त, याचे उत्तर फळी कुणाची यावरून मिळत नाही. चौकातल्या किराणा दुकानदाराची गत तर याहून नाजूक. नामवंत कंपनीच्या मालावर त्याला ठरावीक कमिशन मिळते, आणि भाव वाढला की गिऱ्हाइकाची बोलणी तोच खातो.

भाव ठरतात कुठे, हे पाहायला तेलासारखे उदाहरण नाही. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जेमतेम काही आठवडे रोखली आणि त्याची झळ इथल्या कढईपर्यंत आली. मग १४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. कारण दिले गेले सोयाबीन उत्पादकाचे, आणि ते कारण खरेच होते. लातूरसह मराठवाडा-विदर्भाच्या बाजारांत सोयाबीन हमीभावाखाली विकले जात होते. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि शुल्क वाढवल्यानंतरही राज्यातल्या बाजारांत शेतकऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडत राहिले. असे का झाले, याचे उत्तर दाण्यातच आहे. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८-२० टक्के असते. उरते ती पेंड. पेंडीचा भाव पडलेला असेल तर तेल कितीही महागले तरी दाण्याला दर मिळत नाही. शहरातल्या ग्राहकाने तेलासाठी जादा पैसे मोजले आणि ते लातूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. दोघांच्या नुकसानीचे मूळ एकच असताना त्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे केले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

‘भाजी महागली म्हणजे शेतकरी मालामाल’ हा त्याच जातीचा गैरसमज. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाने मोजलेल्या एका रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदा पिकवणाऱ्याला ३६ आणि बटाटा पिकवणाऱ्याला ३७ पैसे मिळतात. बाकीचे सगळे काही दलाल खात नाही. तोडणी, हमाली, वाहतूक, सडलेला माल, किरकोळ विक्रेत्याचे भाडे हे सगळे त्यात येते. पण भाव चढतो तेव्हा शेतकऱ्याला त्याचा लाभ घेऊ द्यायची वेळ आली की धोरण आड येते, हेही विसरता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क कायम, आणि ते पूर्ण हटले १ एप्रिल २०२५ ला. लासलगावच्या बाजार आवारात त्या दीड वर्षात जे दर पडले, त्याची भरपाई कुणी केली नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. भाव वाढायचा असला की रातोरात वाढतो, उतरायचा असला की महिने लागतात. ही लबाडी नव्हे तर काय? ग्राहकाचे निरीक्षण अचूक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढताच तेलाचे दर चढू लागले. त्या वेळी जुन्या, कमी शुल्काने आलेला सुमारे ३० लाख टन माल देशात पडून होता, म्हणजे ४५ ते ५० दिवस पुरेल इतका, आणि तो संपेपर्यंत किंमत वाढवू नका असे केंद्राला कंपन्यांना सांगावे लागले. पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले गेले, पण त्याच ऑक्टोबरपर्यंत तेल वर्षभरापूर्वीपेक्षा महागच होते. जागतिक भावही त्याला कारण होते, हे मान्य. तरीही शुल्कवाढ तत्काळ आणि शुल्ककपात सावकाश ग्राहकापर्यंत येते, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच करकपातीचा लाभ ग्राहकाला मिळतो की नाही हे पाहणारी यंत्रणा लागते. जीएसटीसोबत २०१७ मध्ये नफेखोरीविरोधी प्राधिकरण उभे राहिले होते. ते काम नंतर स्पर्धा आयोगाकडे, मग अपील न्यायाधिकरणाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणे बंद झाले. त्यानंतर सहाच महिन्यांत, २२ सप्टेंबर २०२५ ला, बिस्किटे, फरसाण, लोणी, तूप, साबण, टूथपेस्ट यांच्यावरचा कर पाच टक्क्यांवर आला. सर्वांत मोठी करकपात झाली तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचे दार बंद झालेले होते. दुकानदारावर ओरडणाऱ्यांनी या दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात.

करांबद्दलचा आणखी एक समज झटकन निकालात काढता येतो. ‘सगळ्याच किराण्यावर जीएसटी आहे’ हे खरे नाही. सुटे गहू, तांदूळ, डाळी यांवर कर नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पाकिटातल्या धान्य, डाळी आणि पिठावर पाच टक्के आहे. म्हणजे तोच तांदूळ गोणीतून मोजून घेतला तर करमुक्त, पाकिटात घेतला तर करपात्र.

पाकिटांवर छापलेल्या किमतीविषयी मात्र थोडे थांबून पाहायला हवे. एमआरपी सरकार ठरवते, असे अजूनही अनेकांना वाटते. ती उत्पादक स्वतः ठरवतो. कायदा फक्त एवढेच म्हणतो की ती छापा आणि तिच्यापेक्षा जास्त घेऊ नका. ती कमाल मर्यादा आहे, वाजवी भाव नव्हे. त्यामुळे ‘छापील किमतीवर ३० टक्के सूट’ या पाटीवरून वस्तू स्वस्त आहे की नाही हे कळतच नाही; कळते ते एवढेच की छापील आकडा मोठा होता. दुसरीकडे छापील किंमत न बदलताही माल महाग करता येतो. पूर्वी बिस्किटे, चहा, तेल अशा ठरावीक वस्तूंना पाकिटाचे प्रमाणित वजन बंधनकारक होते. २०२१ च्या नियमदुरुस्तीने ते बंधन काढले. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. आता शेजारीच ८७० किंवा ८५० ग्रॅमची पिशवी त्याच आकारात दिसू शकते.

याला उतारा म्हणून पाकिटावर प्रति एकक भाव छापण्याची सक्ती आली. विचार उत्तम, पण बारकावा पाहा. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर हा भाव प्रति ग्रॅम छापायचा आणि जास्त वजनावर प्रति किलो; शिवाय दोन दशांश स्थळांपर्यंत. समजा, ५०० ग्रॅम पोह्यांचे पाकीट ३८ रुपयांना आहे. ग्रॅमचा भाव येतो ७.६ पैसे, छापला जातो ०.०८ रुपये. पुढच्या महिन्यात कंपनीने तेच पाकीट ३८ रुपयांनाच ठेवले, पण आत ४५० ग्रॅम भरले. ग्रॅमचा भाव झाला ८.४ पैसे, आणि छापला गेला पुन्हा ०.०८ रुपये. किलोला ७६ चे ८४ रुपये झाले, आठ रुपयांची वाढ झाली, आणि ती उघड करण्यासाठीच आणलेल्या ओळीत तिचा मागमूस नाही. शेजारी दोन किलोंचे पाकीट असेल तर त्यावर किलोचा भाव असेल, म्हणजे दोन्हींची तुलना करायला ग्राहकाने दुकानात उभ्या उभ्या गुणाकार करायचा. ही ओळ बहुतेकदा इतक्या बारीक अक्षरात असते की साठी ओलांडलेल्या माणसाला ती वाचताही येऊ नये.

‘कुणी एवढे बघत बसते का?’ असे कुणी म्हणेल. बघावे लागू नये, म्हणूनच नियम करायचा असतो. सर्व वजनांच्या पाकिटांवर भाव प्रति किलो किंवा प्रति लिटर असाच, ठळक अक्षरात आणि फळीवरच्या पट्टीवरही असावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि ग्राहकांनी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे लावून धरली पाहिजे. तोवर मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर किमतीला वजनाने भागा, हजाराने गुणा आणि आलेला आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा वजन कमी भरले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा आणि पाकीट फेकू नका.